गाडीचा पीळ

आमच्या भाच्याने मोटार घेतल्याची वार्ता दिंद्रुडला पोचली, तेव्हा ताईने मला फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : "काय रे, तिला म्हणे छप्परच नाही?"

छप्पर होते, पण कापडी. हवे तेव्हा ते उलगडून मागे गुंडाळून ठेवावयाचे. जागा दोघांपुरती, आणि तीही जमिनीला इतकी लगटून, की आत शिरताना आधी वाकावे की आधी बसावे, असा पेच माझ्यासारख्या स्थूल माणसाला पडतो. यांतले ताईला मी काहीच सांगितले नाही. दिंद्रुड हे आमच्या दाजींचे गाव, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले. तिथे गाडीचे मोल तिच्यात किती माणसे बसतात आणि किती पोती मावतात यावरून ठरते. दोन माणसे बसली की भरली, असल्या गाडीचे समर्थन ओसरीवर बसून करणे माझ्या वाक्पटुत्वाच्या पलीकडचे होते.

गाडी पंचवीस वर्षांची जुनी, कितव्या हातची ते विचारू नये. तिचे नाव मी इथे देत नाही, भाचा रागावेल. तो पुण्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि या गाडीवर त्याचा इतका जीव, की लग्नाचा विषय काढला की तो कार्ब्युरेटरचा विषय काढतो. गेल्या दिवाळीला त्याने मला पुण्याहून बरोबर घेतले. "मामा, चला, दिंद्रुडला आपल्या गाडीनेच जाऊ."

बीडहून दिंद्रुडचा सरळ रस्ता वडवणी-तेलगावावरून जातो. पण सरळ रस्ता काय कुणीही जाईल! भाच्याला वळणे हवी होती. म्हणून आम्ही केजवरून धारूरला गेलो. धारूर हे बालाघाटाच्या पठारावर आहे. तिथून तेलगावच्या बाजूला उतरताना जो घाट लागतो, त्याची वळणे अरुंद आणि अंगावर येणारी आहेत. एका उजव्या वळणावर रस्त्याला मध्येच खोलगट भाग होता, आणि समोरून दोन रिकाम्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वर चढत होता. भाच्याने चाक फिरवले. गाडीचे नाक क्षणभर वळलेच नाही, मग एकदम वळले. कुठेतरी करकर झाली, आणि माझ्या डाव्या हाताचा दरवाजा आपला आपण उघडला.

मी पट्टा बांधला होता, म्हणून हा लेख लिहितो आहे. खाली दगडी कठडा आणि त्याच्या पलीकडे झाडांचे शेंडे असे दृश्य मला अर्धा सेकंद फार स्पष्ट दिसले. ट्रॅक्टरवाल्याने गाडी थांबवून आमच्याकडे पाहिले, पण काही बोलला नाही. त्याचे न बोलणेच भाच्याला लागले असावे. दिंद्रुड येईपर्यंत तो गप्प होता.

ही हकिगत घरी सांगावयाची नाही असे आमचे ठरले होते. रात्री जेवताना ती माझ्याच तोंडून निघून गेली. ताईने वाढता वाढता पळी खाली ठेवली. "विकून टाक," ती मुलाला म्हणाली. दाजींनी मध्यम मार्ग काढला : गावात ट्रॉल्या बांधणारे मिस्त्री आहेत, त्यांना गाडी दाखवावी, ते 'नको' म्हणाले तर विकावयाची. अमेरिकेतल्या नि जपानातल्या गाड्यांची पुस्तके वाचलेल्या माझ्या भाच्याला हा न्यायाधीश फारसा पसंत नव्हता. पण आईपुढे अपील नसते.

त्या रात्री ओसरीवर बसून भाच्याने मला गाडीचे दुखणे समजावून सांगितले. वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा, दिवाळीत साहित्याला तोटा नाही. पेढ्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके घ्या. झाकण काढा. दोन टोके दोन हातांत धरून कपडे पिळतो तसे पिळा. खोके सहज पीळ खाते, कडा वाकड्या होतात. आता झाकण बसवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. तेच खोके, तोच पुठ्ठा. पण आता हात दुखतील, खोके हलणार नाही. बंद पेटीला पीळ बसू लागला की तिच्या सहाही बाजू तो भार आपसात वाटून घेतात. एक बाजू काढली की उरलेल्या पाचांची साखळीच तुटते. नेहमीच्या मोटारीचे छप्पर म्हणजे हे झाकण. उघड्या मोटारीला ते नाही. (आमचे खोके रिकामे नव्हते हे ताईच्या उशिरा लक्षात आले. पेढ्यांचा चुरा झाला तो मीच खाल्ला.)

"पीळ खाल्ला तर बिघडले काय?" मी विचारले. मराठीच्या माणसाला 'पीळ' म्हटले की आधी सुंभ आठवतो, जो जळाला तरी पीळ सोडत नाही.

बिघडते ते असे. मोटार वळू लागली की तिचा भार बाहेरच्या चाकांकडे झुकतो. त्यातला किती भाग पुढच्या जोडीने घ्यावयाचा आणि किती मागच्या जोडीने, हे स्प्रिंगा आणि आडव्या सळया यांच्या ताठपणावरून कारखान्याने बेतलेले असते. गाडी वळणात नाक बाहेर काढणार, शेपूट बाहेर काढणार, की मुकाट्याने सांगितले तिकडे जाणार, हे बहुतांशी या वाटणीवर ठरते. पण पुढच्या आणि मागच्या जोडीला एकमेकींशी बोलावयाचे तर ते मधल्या सांगाड्यामार्फत, म्हणजे चासीमार्फत. ती चासीच पिळली, तर पुढच्यांचा निरोप मागच्यांना उशिरा आणि अर्धामुर्धा पोचतो. शिवाय स्प्रिंगेला आवरावयाला शॉकअब्सॉर्बर असतो, गॅरेजवाल्यांच्या भाषेतला शॉकअप. पिळणारी चासी ही बिनशॉकअपची स्प्रिंग आहे. खड्डा ओलांडून गेला तरी ती थरथरत राहते. आरशात मागचा रस्ता दुहेरी दिसतो, समोरची काच कापते.

किती पिळते ते मोजताही येते. मागचे टोक घट्ट धरून पुढच्या टोकाला पिळावयाचे आणि एक अंश फिरवावयाला किती जोर लागला ते पाहावयाचे. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आजच्या चांगल्या बंद मोटारीला वीस हजारांहून अधिक लागतो. जुन्या उघड्या गाड्या चार-पाच हजारांत मान टाकत.

या दुखण्यावर जगभर डोकी झिजली आहेत. इटलीच्या लॅन्सिया कंपनीने 1922 साली 'लॅम्ब्डा' ही गाडी दाखवली. तोवर मोटारी म्हणजे खाली शिडीसारखी चासी आणि वर ठेवलेला डबा. लॅम्ब्डात डबा हीच चासी झाली. गाडी उघडीच होती, म्हणून तिच्या कडा खोल ठेवल्या होत्या. जर्मनीच्या मर्सिडीझने 1952 साली शर्यतीसाठी '300 एसएल' बांधली ती बारीक नळ्यांच्या त्रिकोणी जाळीवर. ती जाळी बाजूला इतकी उंच आली, की दरवाजा नेहमीसारखा उघडणेच अशक्य झाले. मग दरवाजे छपराला बिजागऱ्या लावून पंखांसारखे वर उघडण्याची सोय केली. लोक त्या पंखांवर भाळले. खरे तर ती शोभा नव्हती, सांगाड्याने घातलेली अडचण होती. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने 1962 च्या 'लोटस एलान'मध्ये उलटा विचार केला : कडा कशाला हव्यात, गाडीच्या मध्यातून पाठीचा कणाच घालावा. आणि जपानच्या माझ्दाने त्याच एलानकडे पाहून 1989 साली 'एमएक्स-5' काढली, तीत गिअरपेटी आणि मागचा डिफरन्शियल एका लांब तुळईने जखडून टाकले. 2016 च्या एप्रिलमध्ये तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली; दोन माणसांच्या गाडीला जगात एवढी गिऱ्हाइके आहेत हे ऐकून दाजी खिन्न झाले. ही गाडी करणारे जपानी लोक 'जिंबा इत्ताइ' असा शब्द वापरतात. घोडा आणि स्वार एक, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे बारगिराला घोडा सरकारातून मिळे आणि शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. आमचा भाचा शिलेदारच, पण त्याचा घोडा वळणावर खोगीर सोडून जातो, एवढेच.

त्याने उपाय केला नव्हता असे नाही. पुढच्या झाकणाखाली दोन चाकांच्या डोक्यांना जोडणारी एक चकचकीत आडवी दांडी नऊ हजार रुपये मोजून बसवली होती. झाकण उघडले की ती फार सुंदर दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडपाशी गेलो. दिवस गडबडीचे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीत भांडी, ज्वारी, शेळ्या, पोरे घालून संसाराचा संसार हलतो. त्यांच्या तीन ट्रॉल्या शेडपुढे दुरुस्तीला उभ्या होत्या. त्यांत आमची लाल खेळण्यातली गाडी जाऊन उभी राहिली, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखे झाले.

मिस्त्री साठीचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चकचकीत दांडीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ही देवघरात शोभन." मग जॅक आणावयास सांगितला. पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलले आणि मला म्हणाले, "सर, आता दरवाजा लावून दावा." लागेना. वरची कड चौकटीवर घासत होती. कंपासपेटीतल्या पट्टीने भाच्याने दरवाज्याच्या मागची फट मोजली. जमिनीवर असताना वर-खाली सारखी पाच मिलिमीटर होती. आता वर दोनच उरली होती.

"बगा, पीळ पडतोय," मिस्त्री म्हणाले. मी रात्रभर ऐकलेला शब्द त्यांनी न सांगता उच्चारला, तेव्हा मला भाषेच्या प्राध्यापकाला होतो तो आनंद झाला.

मग गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून आम्ही खालून पाहिली. मधोमध, गिअरपेटीपासून मागच्या चाकांकडे, पत्र्याचा एक लांब बोगदा जातो. त्यातून फिरणारा दांडा आणि धुराची नळी जाते. हाच या गाडीचा कणा. पण तो खालून उघडा, उपड्या पन्हळीसारखा. मिस्त्रींनी शेडमधले जुने कॅलेंडर उतरवले, त्याची सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. "पिळा." पिळली. सुरळीच्या कडा एकमेकींवरून सरकल्या, ती लगेच दबली. त्यांनी कडेला चिकटपट्टी मारली. "आता पिळा." आता ती लाकडासारखी झाली होती.

भाच्याने तिथेच हिशेब केला. पाच सेंटिमीटर मध्य-व्यासाची, दोन मिलिमीटर जाड पत्र्याची नळी घेतली आणि ती नुसती लांबीत चिरली, तर तिचा पिळाविरुद्धचा ताठपणा साडेचारशे पटींहूनही अधिक उतरतो. लोखंड तेवढेच, वजन तेवढेच. फक्त एक चीर. तेव्हा उपाय उलटा करावयाचा : पन्हळीचे तोंड मिटवावयाचे. पत्रा ठोकून मिटवले तर धुराच्या नळीची उष्णता कोंडेल आणि दुरुस्तीला हात जाणार नाही. म्हणून त्यावर जाळी घालावयाची. भाचा तिला 'चासी ब्रेस' म्हणत होता. मिस्त्री 'कैची' म्हणाले, घराच्या आढ्याखाली असते तीच. चार पट्ट्यांची चौकट कितीही जाड केली तरी कोपऱ्यांत लुळीच राहते. एक तिरपी पट्टी पडली की त्रिकोण होतात आणि त्रिकोणाला हलावयाला जागा नसते. बाज तिरकी झाली की सुतार हेच करतो.

सगळी जाळी पंचवीस मिलिमीटरच्या एका चौकोनी पाइपमधून निघाली. पाइप सहा मीटरची येते, तेवढी पुरली. कोपऱ्यांच्या पट्ट्या धरून वजन बारा किलो भरले. वेल्डिंग सगळे बाकावर झाले, गाडीला ठिणगीसुद्धा लागू दिली नाही. भाच्याला वाटत होते, जाळी थेट गाडीलाच जोडून टाकावी, म्हणजे अधिक घट्ट. मिस्त्रींनी त्याला शेडपुढच्या एका ट्रॉलीपाशी नेले.

त्या ट्रॉलीचा मुख्य चॅनेल मागे कुठेतरी वाकला होता, तेव्हा कुणी तरी तिथे जाड पट्टी वेल्ड करून दिली होती. पट्टी शाबूत होती. पट्टी संपते तिथून, वेल्डिंगच्या कडेला लागून, चॅनेल अर्ध्यापर्यंत चिरला होता. जिथे बळ दिले तिथून दुखणे हलले आणि शेजारच्या अंगुळभर जागेत जाऊन बसले. "ही भरून निघाली आसती तर घाटात दोन तुकडं," मिस्त्री म्हणाले. ट्रॉलीचा मालक शेजारीच उभा होता. त्याची दोन पोरे ट्रॉलीच्या सावलीत बसून फुलबाज्यांच्या जळक्या तारा वाकवत होती. पाडव्याच्या रात्री त्याला निघावयाचे होते.

मी मघापासून एक शंका मनात धरून होतो, ती तिथे विचारली : मग या ट्रॉल्यांनाच कैच्या घालून ताठ का करीत नाही? मिस्त्री हसले. लक्ष्मीपूजनाचा चौरंग ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतो, तिवई कधी डुगडुगत नाही, हे त्यांनी माझ्याकडूनच वदवून घेतले. चार चाकांची, स्प्रिंगा नसलेली ट्रॉली पार ताठ केली, तर उसाच्या फडात तिचे एक चाक सारखे अधांतरी राहील आणि सगळा बोजा तिघांवर येईल. तिला थोडी मोकळीक लागतेच. मोठ्या ट्रकची शिडीसारखी चासीदेखील याच कारणाने पीळ खाईल अशी ठेवतात. तिचे आडवे गज वेल्ड करण्याऐवजी पुष्कळदा रिव्हेटांनी ठोकलेले असतात. स्प्रिंगा मऊ असतील तर सांगाडा ताठ हवा. स्प्रिंगाच नसतील तर सांगाड्यालाच थोडे मऊ व्हावे लागते. आमच्या गाडीला चांगल्या स्प्रिंगा होत्या, पण काम चासी करीत होती.

जाळी बसवताना मिस्त्रींनी आमची गाडी रांगेत चौथी ठेवली. आधी तिन्ही ट्रॉल्या. चिरलेला चॅनेल त्यांनी कापून काढला आणि नवा तुकडा घातला; वरच्या पट्टीची टोके चौकोनी न ठेवता माशाच्या शेपटीसारखी कापून निमुळती केली, म्हणजे ताठपणा एकदम संपत नाही, हळूहळू संपतो. तो दिवस आम्ही नुसते बसून होतो. भाचा सुरुवातीला चुळबुळला, मग बाह्या सरसावून ग्राइंडर धरू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची पाळी आली. बोगद्याच्या दोन्ही काठांना गाडीची मूळची आठ आटेदार भोके होती, तीच वापरली. धुराच्या नळीपासून दोन बोटे अंतर सोडले. आठही बोल्ट आधी सैल लावले, गाडी चारी चाकांवर सपाट उभी केली, दाजींना आणि मला आत बसवले, आणि मग ते आलटून पालटून आवळले. जॅकवर टांगलेल्या गाडीला आवळले तर तिचा वाकडेपणाच कायमचा आवळला जातो, असे मिस्त्रींचे म्हणणे. दाजी त्या गाडीत प्रथमच बसत होते. त्यांना उतरवावयाला दोघे लागले.

पुन्हा तोच जॅक, तोच कोपरा. दरवाजा लागला. वरची फट चार मिलिमीटर. दरवाज्याचे झिजलेले कुलूपही मिस्त्रींनी पुढे सरकवून दिले. जाळीने पीळ कमी होतो, झीज भरून येत नाही. सगळे मिळून त्यांनी पावणेदोन हजार रुपये घेतले. नऊ हजारांच्या दांडीचा विषय कुणी काढला नाही.

एक गोष्ट वाचकांच्या कानावर घालणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या, म्हणजे 1988 च्या अधिनियमाच्या, बावन्नाव्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मालकाने आपल्या मनाने बदल करावयाचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. तेव्हा पान्हा हातात घेण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांना विचारावे. कापणे, चिरणे आणि गाडीच्या पत्र्यावर वेल्डिंग करणे यांच्या वाटेला तर जाऊच नये.

भाऊबीजेला ताईने मला ओवाळले, मग ताट घेऊन बाहेर आली आणि गाडीलाही ओवाळले. "विक" हा शब्द तिने पुन्हा काढला नाही, पण "घाटातून जाऊ नका" असेही म्हणाली नाही. बहुधा भाच्याने काय करावे हे तिला पाहावयाचे होते.

भाचा घाटातूनच गेला. तेच वळण, आता चढावरचे. तोच खोलगट भाग. चाक फिरवले त्याच क्षणी नाक वळले. आरशात मागचा रस्ता एकच दिसत होता. वेग मात्र त्याने येतानाच्या निम्माच ठेवला होता, तेव्हा सुधारणेतला किती भाग कैचीचा आणि किती अकलेचा हे मला सांगता येणार नाही. पुढच्या वळणावर भांड्यांनी आणि माणसांनी भरलेली एक ट्रॉली दिसली. त्याने गाडी कडेला घेतली, तिला पुढे जाऊ दिले आणि तिच्या मागच्या चॅनेलकडे वाकून बघत राहिला.

धारूर येईपर्यंत एक बारीक खडखड मात्र चालूच होती. भाच्याचा चेहरा उतरला. गावाबाहेर गाडी थांबवून त्याने खाली झोपून आठही बोल्ट तपासले. सगळे घट्ट. मग मी बसल्या जागेवरून मागे हात घातला आणि ताईने सीटमागे खोचून दिलेला शंकरपाळ्यांचा डबा बाहेर काढला.